माठाशेजारची डबी

होळीची राख निवते न निवते तोच आमच्या मागच्या वस्तीतले पत्रे वाजायला लागतात. सकाळी ऊन जरा वर चढलं की पहिला आवाज येतो, टण्ण. छपरावर कुणी सुपारी टाकावी तसा. मग शेजारच्या घराचा, मग त्याच्या पलीकडचा. पत्रा तापतो, पसरतो, खिळ्यांशी भांडतो. संध्याकाळी ऊन कललं की तोच तंटा पुन्हा, या वेळी आकसताना. आमच्या घरावर स्लॅब आहे. तो बिचारा काही बोलत नाही. दिवसभर मुकाट ऊन पितो आणि दिवेलागणीनंतर सगळं आमच्या अंगावर ओततो.

परवा पहिला पत्रा वाजला तेव्हा मी चहात बिस्किट बुडवत होतो. "वाजला बघा," सुनंदा आतून म्हणाली आणि माळ्यावरचा माठ काढायला तिनं मला स्टुलावर चढवलं. आमच्या घरी उन्हाळा पंचांगात सुरू होत नाही, स्टुलावर होतो. दरवर्षी मी चढतो, दरवर्षी स्टूल कुरकुरतं आणि दरवर्षी सुनंदा ते दोन्ही हातांनी घट्ट धरून म्हणते, "स्टूल जुनं झालंय." वजनाविषयी ती अवाक्षर काढत नाही. आमचा संसार टिकला तो असल्या मौनावर.

माठ खाली आला, घासला, भरला. ओल्या मातीचा वास स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत आला आणि त्याच्या मागोमाग गौरीचा उन्हाळा आला. काही उन्हाळे माणसांच्या नावावर असतात. माझ्या लहानपणी एक उन्हाळा आत्याच्या लग्नाचा होता, एक गोवराचा होता. हा गौरीचा.

गौरी माझ्या थोरल्या भावाची मुलगी. तेव्हा ती पुण्यात शिकत होती. पर्यावरण आणि माणसाची तब्येत, या दोन्हींच्या मधलं काहीतरी. ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी बॅग घेऊन आमच्या दारात उभी राहिली. उन्हाळ्यात सोलापुरात स्वतःहून येणारा माणूस एकतर लग्नाला आलेला असतो किंवा रस्ता चुकलेला. त्यामुळे मी आधी पत्रिका शोधली.

"काका, बाहेर किती तापलं ते रोज पेपरात येतं," ती म्हणाली. "घरात किती तापतं ते कुणी मोजतच नाही. पत्र्याखाली बायका दिवसभर बसतात, तिथं काय होतं?"

"काय होणार? उकडतं," मी म्हणालो. मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे प्रश्न मिटवून टाकायची मला सवय आहे.

तिनं बॅगेतून एक पांढरी डबी काढली. काड्यापेटीएवढी. आवाज नाही, दिवा नाही. घरात टांगून ठेवायची, बस्स. ती आपली गुपचूप घरातली उष्णता टिपत राहते. महिनाभरानं काढायची, कॉम्प्युटरला जोडायची, की सगळं सांगून टाकते. "आणि हे मी नुसतं पुण्याला घेऊन जाणार नाही," गौरी म्हणाली. "ज्यांच्या घरात डबी लावली त्यांना आधी सांगणार. त्यांच्या घराचं त्यांना कळलं पाहिजे ना, काका?"

या एका वाक्यावर मी फिदा झालो. आणि फिदा झालो की मी मदतीला धावतो, हा माझा दोष माझ्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. मी स्वतःची नेमणूक करून टाकली. वस्तीचा वाटाड्या, भाषातज्ज्ञ आणि माहितीपत्रकाचा लेखक.

माहितीपत्रकावर मी दोन दिवस बसलो. 'उष्णताजन्य व्याधींचे निवारण व प्रबोधन' असं वर ठळक अक्षरात. खाली महिरप. गुलाबी कागद. वस्तीतल्या एका म्हातारीनं तो कागद उलटसुलट पाहिला, कपाळाला लावला आणि विचारलं, "मुहूर्त कवाचा हाय?" गौरी त्या दिवशी घरी येईपर्यंत हसत होती. सुनंदानं उरलेले कागद डब्यांच्या तळाशी घातले. आजही आमच्या तिखटाच्या डब्याखाली उष्णताजन्य व्याधींचं निवारण आहे.

आमच्या मागची वस्ती म्हणजे निम्मी यंत्रमागाची, निम्मी विड्यांची. पुरुष मागावर किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीत, बायका घरात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेल्या. घराघरांत तेलुगू, दारात मराठी. गल्लीत शिरलं की एका बाजूनं मागांचा खडखडाट आणि दुसऱ्या बाजूनं ओल्या पानांचा आणि तंबाखूचा तो उग्र वास. मला त्या वासानं हमखास शिंका येतात. वाटाड्या शिंकत पुढं आणि संशोधक मागं, अशी आमची वरात निघायची.

पहिलं घर नरसाक्काचं. नाव नरसम्मा, पण आख्खी वस्ती आक्का म्हणते. उंच, काटक, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. दोन खोल्या. पुढच्या खोलीत दारालगत माठ, त्याच्या मागं भिंत, भिंतीपलीकडं सार्वजनिक नळाची ओल. त्यामुळं तो कोपरा सगळ्या घरात गार. आतली खोली पत्र्याची, बुटकी. तिथं आक्का बसायची, कारण पानं वाऱ्यानं वाळू नयेत. ओली पानंच वळता येतात, वाळली की चुरा. म्हणून पंखा बंद.

गौरीनं आतल्या खोलीत, आक्का बसते तिथंच, डोक्याच्या उंचीवर खिळा ठोकून डबी टांगली. मी दारात उभा राहून समजावून सांगत होतो. "मानवी शरीरावर उष्णतेचा विपरीत परिणाम होतो. प्रथम घाम येतो, मग चक्कर…" इथपर्यंत मला आठवतं. मग भिंत पिवळी झाली.

डोळे उघडले तेव्हा मी माठाशेजारी बसलो होतो, डोक्यावर ओलं फडकं, हातात मीठ-साखर-लिंबाचं पाणी. आक्का पदरानं वारा घालत होती.

"मास्तर, पयलं तुमी निवा. मग आमाला शिकवा की."

गल्लीभर ती गोष्ट झाली. त्यानंतर मी कुठल्याही घरात शिरलो की आधी कुणीतरी पाटावर बसवायचं, पाणी द्यायचं आणि मगच म्हणायचं, "हं, बोला." मी माठाशेजारी बसूनच सगळ्या वस्तीत जागृती केली.

तुलनेला म्हणून एक डबी आमच्या घरातही ठेवून महिनाभर गौरी पुण्याला. डब्यांवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडं. मी अधूनमधून चक्कर मारायचो, पाणी प्यायचो, विचारायचो, "डबी बरी आहे ना?" "लई बरी हाय," उत्तर यायचं. आणि खरंच बरी दिसायची. कुणी तिला कुंकू लावलेलं, कुणी जाईचं फूल खोवलेलं. पाहुण्याची वस्तू लोक किती जपतात, असं मला भरून यायचं.

त्याच महिन्यात आक्काची पद्मा टेंभुर्णीहून माहेरी आली. पहिलं बाळंतपण. पद्मा माझी विद्यार्थिनी. निबंधात तिनं एकदा लिहिलं होतं, 'मला उन्हाळा आवडत नाही.' एवढंच. एका वाक्याचा निबंध. मी लाल शाईनं खाली लिहिलं होतं, 'विस्तार हवा.' इतक्या वर्षांत उन्हाळ्यावर मी शेकड्यांनी निबंध तपासले. आंबे, मामाचं गाव, विहिरीत पोहणं. पत्र्याखाली राहणारी पोरंसुद्धा मामाच्या आमराईवर लिहायची. मी आमराई मागायचो, ती आमराई द्यायची. पद्मा तेवढी खरं लिहून गेली होती.

दवाखान्यात मुलगी झाली. सगळं सुखरूप. आक्कानं गल्लीत बर्फी वाटली आणि माय-लेकीला आतल्या खोलीत नेलं. खिडकीला जाड चादर ठोकली. बाजेखाली शेगडी. सकाळ-संध्याकाळ ओव्याची धुरी. पद्माच्या कानाला रुमाल, बाळाला टोपडं, टोपड्यावर दुसरं टोपडं. दार लोटलेलं. वर मे महिन्याचा पत्रा.

हे मला सुनंदाकडून कळलं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणूस जात नाही. सुनंदा बाळंतविडा घेऊन गेली ती घामानं निथळत परत आली आणि पंख्याखाली बसून राहिली. "पोर लाल झालीय हो," ती म्हणाली. "पद्माच्या पाठीवर घामोळं, बोट ठेवायला जागा नाही. मी म्हटलं, आक्का, खिडकी तरी उघडा. तर माझ्याकडं बघितलं नुसतं."

"आरोग्य केंद्राच्या आशाताई येत नाहीत का?"

"येतात की. त्यांचंही ऐकत नाही ती." सुनंदानं पदरानं मान पुसली. "तिचा पहिला मुलगा गेला होता. थंडीत झालेला. खिडकी उघडी राहिली, वारं लागलं म्हणते. तेव्हापासून…"

यावर काय माहितीपत्रक काढणार? आक्काला कुणी अडाणी म्हणावं तर ती अडाणी नव्हती. ती घाबरलेली होती. इतक्या वर्षांपूर्वीची ती खिडकी ती अजून लावत होती.

गौरी परत आली. डब्या गोळा करायला आम्ही गेलो तर प्रत्येक घरात डबी आधीच उतरवून, पुसून, ताटलीत ठेवलेली. आमच्याकडं शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत, तसंच डबीचं. डबीबरोबर शेंगाचटणी, डबीबरोबर कडक भाकरी, एका घरी डबीबरोबर ब्लाउजपीससुद्धा. गौरीच्या पिशवीत विज्ञान खाली आणि चटणी वर. मला वाटलं, असं संशोधन असेल तर मीही पीएच.डी. करावी.

दोन दिवस ती कॉम्प्युटरसमोर बसली आणि तिचा चेहरा तासागणिक उतरत गेला. "काका, काहीतरी चुकतंय. वस्ती थंड दाखवतीय."

"थंड?"

"आपल्या घराएवढी. तुमच्या घराची डबी तर थंडच आहे. डब्या बिघडल्या म्हणाव्यात तर सगळ्या कशा बिघडतील?" तिनं पुण्याला सरांना फोन केला. ते म्हणाले, हवा खेळती असेल. गौरीनं फोन ठेवला आणि चादर ठोकलेल्या त्या खिडकीच्या दिशेनं पाहिलं. पण शब्द दिलेला होता, ज्याचं त्याला आधी सांगायचं. समजलं नाही तरी दाखवायचं, विचारायचं, असं तिनं ठरवलं. हे मला तेव्हा भाबडं वाटलं होतं. आता वाटतं, तेवढं एकच शहाणपण त्या उन्हाळ्यात कुणीतरी केलं.

सभा वस्तीतल्या देवळापुढच्या पत्र्याच्या मांडवात, ऊन उतरल्यावर. तक्ते नकोत, हे सुनंदानं सांगितलं. "बायकांना टिकल्या कळतात." म्हणून गौरीनं मोठ्या कागदावर गल्लीचा नकाशा काढला आणि घराघरावर टिकल्या लावल्या. तापलेलं घर लाल, मध्यम पिवळं, थंड हिरवं. कागद हिरवागार झाला होता. सोलापुरात मे महिन्यात एवढी हिरवळ कुणी पाहिली नसेल.

बायका आल्या त्या सूप घेऊन. गप्पा, भजन, भाषण, काहीही असो, हात चालू. पान घ्यायचं, साचा ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा. डोळे तुमच्याकडं, बोटं सुपात. त्या वस्तीत भाषण कसं झालं ते टाळ्यांवरून कळत नाही. बोट थांबलं तर समजायचं, काहीतरी पोहोचलं. माझं प्रास्ताविक चांगलं ऐसपैस झालं. एकही कात्री थांबली नाही. उलट मला वाटतं, वेग वाढला.

गौरीनं नकाशा उलगडला. "ही तुमची घरं. हिरवं म्हणजे थंड."

"आमचं कुटलं?" मागून कुणीतरी.

"हे. नरसाक्कांचं. हिरवं."

आक्का हसली. मनापासून, दात दाखवून हसली. मग सुनंदाकडं वळून म्हणाली, "बगा वैनी! खिडकी उगडा, खिडकी उगडा, लई मागं लागला हुता. मशीनच सांगतंय की. आमचं घर थंड हाय. आता मी काय ती चादर काडत न्हाय."

कात्र्या चालूच होत्या. गौरी पांढरी पडली. तिनं सोबत आणलेली गोष्ट आता आक्काच्या हातात होती आणि तिच्याच आधारे आक्का ती खिडकी आणखी घट्ट लावून घेत होती.

"आक्का," गौरी हळू म्हणाली, "बाळ कसं आहे?"

"बरं हाय. निजून असती सारकी. लई गरीब पोर. रडत बी न्हाय."

"दूध पिते?"

"कालधरनं जरा कमी. निजतीच की सारकी."

गौरीनं नकाशाकडं पाहिलं. तिला काही सांगायचं होतं, पण नकाशा तिच्याच विरुद्ध बोलत होता. मग तिनं वेगळंच विचारलं. मी इतकी वर्षं वर्गात प्रश्न विचारतोय, पण इतका साधा मला कधी सुचला नाही.

"आक्का, डबी कुठं ठेवली होती?"

आक्काला तो प्रश्न नव्हे, कौतुक वाटलं. तिनं मान ताठ केली. "तुमी आत लावून गेला. आत लई तापतंय. पाव्हण्याची वस्तू, मशीन तापलं तर बिगडंल की! मोबाइल न्हाय का बंद पडत? म्हनून मी दुसरा खिळा मारला, माठाशेजारी. खाली ओलं फडकं. रोज बदलत हुते फडकं. एक दिस बी तापू दिली न्हाय डबी."

"मी बी माठाजवळच," दुसरी म्हणाली.

"आमी मोरीत ठेवली. मोरी गार असती."

"आमी तर माठाच्या झाकणावरच. फूल वाहून."

हळूहळू सगळ्या मांडवातून उत्साहानं उत्तरं येऊ लागली. प्रत्येकीनं आपण डबीला किती जपलं ते सांगितलं. मला आठवलं, मी ते सगळं पाहिलं होतं, पाणी पिता पिता पाहिलं होतं आणि मला भरून आलं होतं. सुनंदा माझ्या कानाशी पुटपुटली, "अहो, आपली कूलरपुढं होती. मला वाटलं, गौरीची वस्तू…"

म्हणजे महिनाभर गौरीनं सोलापुरातले माठ मोजले होते.

तिचा आख्खा उन्हाळा त्या सुपांमध्ये कातरून पडला होता. मी तिच्याकडं पाहायचं टाळत होतो. रडेल, चिडेल, निदान मला तरी बोलेल. ती नकाशा सोडून पुढं आली, आक्कासमोर सतरंजीवर मांडी घालून बसली.

"आक्का, तुम्ही डबीला तापू दिलं नाही. फार जपलंत. म्हणून ती थंड म्हणतेय." मग म्हणाली, "आत लई तापतं, असं तुम्हीच म्हणालात ना आत्ता? बाळ आतच आहे."

आक्काचे हात थांबले.

मग शेजारणीचे. मग तिच्या मागच्या. अशी शांतता मी त्या वस्तीत ना आधी ऐकली ना नंतर. कात्र्यांचा तो सततचा किचकिच आवाज असतो हेच मला तो थांबल्यावर कळलं. वर मांडवाचा पत्रा आकसत होता. टण्ण.

आक्कानं सूप मांडीवरून उतरवलं. नीट ठेवलंही नाही, पानं सांडली. तेलुगूत काहीतरी म्हणाली, बहुधा देवाचं नाव, आणि उठून घराकडं निघाली. चालता चालता पळायला लागली. गौरी मागोमाग, सुनंदा मागोमाग, आशाताई चपला न घालता. मी सगळ्यात शेवटी, धापा टाकत.

मी उंबऱ्याशीच थांबलो. आतलं दार उघडलं तेव्हा जो झोत बाहेर आला तो अजून मला आठवतो. ओवा, धूर, दूध, घाम. भट्टीचं दार उघडल्यासारखं. आतून चादर टराटरा फाडल्याचा आवाज आला. खिळे काढायला वेळ नव्हता.

आशाताईंनी पोर हातात घेऊनच बाहेर आणली. अंग तापलेलं, ओठ कोरडे, डोळे मिटलेले. माठाशेजारी चटईवर ठेवून टोपडी सोडली, कोमट पाण्यानं अंग पुसलं. ती रडेना. आक्का भिंतीला पाठ लावून उभी होती. तिचे हात, कधी रिकामे न दिसलेले हात, नुसते लोंबत होते.

रिक्षा आली, सगळे दवाखान्यात गेले. सलाइन लागलं. मी दवाखान्याच्या बाकावर बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला एकही शब्द सुचला नाही. सुनंदा म्हणते, त्या दिवशी मी सर्वांत उपयोगी पडलो.

रात्री उशिरा आतून रडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं, घशाच्या तळातून आलेलं. पद्माच्या शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "किती आरडतंय पोर!" आणि आक्का पदर तोंडाला लावून इतकी हसली, की बघणाऱ्याला ते रडणं वाटावं. ते तसंही असेल.

दोन-तीन दिवसांनी त्या घरी परतल्या. मी पेढे घेऊन गेलो, तर आतल्या खोलीचं दार सताड उघडं. बाज पुढच्या खोलीत आलेली, मध्ये एक साडी पडद्याला लावलेली. झोळी माठाच्या कोपऱ्यात, ओलीच्या भिंतीशी. खिडकीचं आक्कानं पूर्ण ऐकलं नव्हतं. ती अर्धी बंद होतीच आणि संध्याकाळी वारं सुटलं की पद्माच्या कानाला रुमालही होता. इतक्या वर्षांची भीती एका संध्याकाळीत जात नाही, जाऊही नये. पण डबीसाठी मारलेला तो दुसरा खिळा अजून माठाशेजारी होता. त्यावर बाळाचं टोपडं टांगलं होतं.

गौरीनं पुण्याला सरांना सगळं कळवलं. डब्यांची पुन्हा मांडणी झाली, उरलेल्या उन्हाळ्यापुरती. या वेळी खिळे बायकांनीच मारले. "हितं न्हाय, हितं. मी हितं बसती." टिकल्या लाल झाल्या. लाल टिकल्यांचा तो नकाशा देवळात कितीतरी दिवस होता. पुढच्या वर्षी काही पत्र्यांवर चुना आला, काहींवर पाचट. काहींवर काहीच आलं नाही. चुन्याच्या आधी त्या घरांत दुसरं बरंच काही यायचं होतं. जग बदललं असं मी म्हणणार नाही. मराठीचे मास्तर असं लगेच लिहून टाकतात आणि मग खाली समाप्तीची रेघ ओढतात.

पण मला तेव्हापासून एक गोष्ट खुपत राहते. आपण कुणाच्या घरी काही सांगायला, विचारायला जातो, तेव्हा ते आपल्याला पाटावर बसवतात, गार पाणी देतात, घरातली बरी जागा दाखवतात. आणि आपण त्या बऱ्या जागेवर बसून लिहून घेतो, की सगळं बरं आहे. मी पद्माला 'विस्तार हवा' लिहिलं ते पाटावर बसूनच. पाऊस निदान आवाज करतो, घरात शिरतो, सगळ्यांना दिसतो. ऊन आतल्या खोलीत बसून राहतं, दार लोटून. त्याला भेटायला कुणीतरी आत न्यावं लागतं.

या वर्षी गौरीनं नव्या डब्या पाठवल्यात. ती आता स्वतः शिकवते, येणार आहे पंधरवड्यानं. "तोवर काका, आक्कांकडं एक देऊन ठेवा." काल दुपारी मी डबी घेऊन गेलो. डोक्यावर टोपी, टोपीखाली ओला रुमाल, खिशात कांदा. आता मी तयारीनं हिंडतो.

आक्का थकलीय जरा. चष्मा लागलाय. पद्माची श्रावणी, तेव्हाचं ते बाळ, होळीच्या सुट्टीला टेंभुर्णीहून आलेली, माठाच्या कोपऱ्यात चटईवर हातपाय पसरून निजलेली. वाढत्या अंगाची पोर, चटई पुरत नव्हती. माझ्या पायाचा आवाज झाला तशी आक्कानं ओठावर बोट ठेवलं.

मी डबी पुढं केली. तिनं ती पदरानं पुसली, कुंकवाचं बोट लावलं. ती सवय काही जायची नाही. मग उठली आणि माठ ओलांडून, पोरीला ओलांडून, सरळ आत गेली. सुपाच्या वर, तिच्या डोक्याच्या उंचीवर, जुन्याच खिळ्याला डबी टांगली. मीही उंबरा ओलांडून आत गेलो. हात वर केला की लागेल इतका जवळ पत्रा. दोन मिनिटांत शर्ट पाठीला चिकटला.

"काय आक्का," मी दबक्या आवाजात म्हटलं, "पाव्हण्याला आत? माठाजवळ नाही बसवलं?"

"पाव्हणा कशाचा आता त्यो?" सूप मांडीवर ओढत ती म्हणाली. "घरचाच की." मग माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं. "तुमी मातुर भाईर बसा, मास्तर. पडला तर पोरगी उटंल."